शेवटचा पाच नंबर

दुकानदाराला नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. आमच्या घरात छत्र्या पाच आहेत आणि माणसं दोन. काकडीचे नागमोडी काप करणारं एक यंत्र आहे, त्यातून आजवर एकही काकडी गेलेली नाही. डावखुऱ्या माणसांसाठी बनवलेली कात्री आहे. आम्ही दोघंही उजवे. या प्रत्येक वस्तूमागे कुणीतरी विक्रेता आहे, जो माझ्याशी दोन मिनिटं गोड बोलला होता. कात्रीवाला तर गोडही बोलला नव्हता. मी निघालो तेव्हा त्याचा चेहरा पडला, एवढंच.

त्यामुळे लग्नानंतर दोनेक वर्षांतच बायकोने कानाला खडा लावला. खरेदी तिने करायची, मी पिशव्या धरायच्या. दर शनिवारी संध्याकाळी मात्र आम्ही मोठ्या बाजाररस्त्याने हिंडायचो. घ्यायला काही नाही, नुसतं काचेतून बघायला. मधे काच असली की मी धीट असतो. 'हा दिवा काय भयंकर आहे', 'हे टेबल कोण घेणार', अशी मतं मी त्या फुटपाथवर ठणकावून दिलेली आहेत. आत जाऊन नुसती किंमत विचारायची म्हटलं तर माझ्या तळहातांना घाम फुटतो.

चार-पाच महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी त्या रस्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या दुकानाच्या कोपऱ्यातल्या काचेपाशी बायको थांबली. आत पट्ट्याचे, मरून रंगाचे बूट होते, बाजूला लहानसं बक्कल. एरवी ती काहीतरी बोलते आणि पुढे सरकते. त्या दिवशी काहीच बोलली नाही. बायको गप्प झाली की शहाण्या माणसाने सावध व्हावं. मी घड्याळात बघितलं.

"पुढच्या वेळी," मी म्हणालो.

"हो. पुढच्या वेळी," ती म्हणाली आणि चालू लागली.

हे दोन शब्द मी बेचाळीस वर्षांत इतके वापरलेत, की झिजून त्यांना भोक पडायला हवं होतं. त्यानंतरच्या बुधवारी ती पडली. झोपायच्या खोलीच्या दारातच मी शब्दकोशाचे तीन खंड ठेवले होते. टेबलापर्यंत न्यायचे होते, पण तीनही एकदम उचलवत नव्हते, आणि दोन खेपा घालायचा मला कंटाळा आला होता. तिच्या उजव्या पायाचा घोटा दोन ठिकाणी मोडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

"शब्दकोशावरून पडलेली मी पहिलीच बाई असेन," ती डॉक्टरांना म्हणाली. "आणि हे महाशय वाचनालयात होते. पुस्तकं जागच्या जागी ठेवायचा पगार घेत होते."

हे अक्षरशः खरं आहे. छत्तीस वर्षं मी पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवले आणि त्यांची कार्डं लिहिली. लोकांचं संपूर्ण ज्ञान मी जागच्या जागी ठेवलं, फक्त ते तीन खंड सोडून.

प्लास्टर निघायला चार दिवस उरले तेव्हा माझी मेहुणी तिला भेटायला आली. मेहुणी बायकोपेक्षा आठ वर्षांनी लहान आहे आणि घरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत बोलत असते.

"ताई, पहिलं पाऊल त्या जुन्या फाटक्या चपलांत टाकू नकोस हं," ती म्हणाली. "भावोजींना पाठव नवे बूट आणायला. त्यांचेच ग्रंथ ना ते? भरपाई नको?"

बायको कित्येक दिवसांनी मोकळी हसली. "हे आणणार? अगं, बेचाळीस वर्षं झाली. माझ्या पायाचा नंबर तरी ठाऊक आहे का विचार त्यांना."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मला चाळीस हजार पुस्तकांचे नंबर पाठ होते असं मी पाहुण्यांना हमखास सांगतो. मी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर कुणाचाच नंबर लिहिलेला नव्हता.

"भावोजी, अंदाज तरी सांगा! पास करू आम्ही."

"सात?" मी म्हणालो.

मेहुणी इतकी हसली की तिला ठसका लागला. बायको हसली नाही. "जाऊ दे. सहज म्हटलं मी," ती म्हणाली आणि पायाखालची उशी सारखी करू लागली.

'सहज म्हटलं' याच्याइतकं जड वाक्य आमच्या घरात दुसरं नाही. मी ठरवलं: शनिवारी प्लास्टर निघेल तेव्हा तेच मरून बूट, बरोबर नंबराचे, माझ्या हातात असतील. तिला न विचारता.

प्रश्न नंबराचा. तिच्या जुन्या बुटांचे तळवे मी भिंग लावून तपासले. आकडे केव्हाच पुसले गेले होते. मग गुरुवारी दुपारी ती झोपलेली असताना, पुस्तकांना कव्हरं घालायचा खाकी कागद तिच्या डाव्या पायाखाली सरकवला आणि पेन्सिलीने भोवती रेघ ओढायला घेतली. करंगळीपर्यंत आलो आणि तिने एक डोळा उघडला.

"काय चाललंय?"

"पेन्सिल पडली."

"माझ्या पायाखाली?"

"घरंगळली."

तिने डोळा मिटला. उरलेली रेघ मी श्वास रोखून ओढली, म्हणून टाचेपाशी ती जराशी थरथरलेली आहे.

शनिवारी साडेचारला हॉस्पिटलात जायचं होतं. मेहुणी आपल्या गाडीतून बायकोला नेणार होती. "मी परस्पर येतो, वाचनालयात जरा काम आहे," असं सांगून मी सकाळी दहालाच बाहेर पडलो. एका बुटाच्या जोडासाठी साडेसहा तास. एवढ्या वेळात माणसं घरं पसंत करतात.

बाजाररस्त्याला लागल्यावर मी सरळ त्या दुकानात गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी आधी सुटांच्या दुकानापाशी थांबलो. तिथल्या पुतळ्यांना डोकी नाहीत. काचेत माझं प्रतिबिंब अशा ठिकाणी पडत होतं, की एका झकपक निळ्या सुटावर माझं डोकं बसलं. धड त्याचं, डोकं माझं. नुकसान दोघांचंही झालं. मग पलंगांचं दुकान. काचेच्या आत एक माणूस चादर ताणून बसवत होता. आमची नजरानजर झाली आणि त्याने हसून गादीवर थाप मारली. मी जवळजवळ पळालोच. आणखी अर्धा मिनिट थांबलो असतो तर आज घरात पलंगही दोन जास्त असते. पुढे पुस्तकांचं दुकान लागलं. पुस्तकांच्या दुकानात मी घाबरत नाही, तिथे विक्रेतेच मला घाबरतात. त्यात दीड तास गेला.

मोठ्या दुकानापाशी पोचलो तेव्हा कोपऱ्यातल्या काचेत मरून बूट होते. तेवढ्यावर समाधान मानून मी इमारतीला एक प्रदक्षिणा घातली. मग दुसरी. दरवाजावरचा रखवालदार पहिल्या फेरीला नुसता उभा होता, दुसऱ्या फेरीला हसला. तिसऱ्या फेरीला त्याने दार उघडूनच धरलं.

"आजोबा, आता याच आत. चालून चालून दमाल."

म्हणजे आत मी गेलो नाही, मला घेण्यात आलं. तळमजल्यावर एका मुलीने न विचारता माझ्या मनगटावर अत्तर फवारलं. 'कसं आहे?' तिने विचारलं, मी 'छान' म्हणालो आणि ती बाटली बांधायला वळताच सरकत्या जिन्याकडे सटकलो. सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल कधी टाकायचं हे मला अजून कळलेलं नाही. चार माणसं माझ्या अंगावरून पुढे गेली. पाचवीने मला कोपराला धरून वर चढवलं, लहान मुलाला चढवतात तसं.

बुटांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता, आणि त्या दिवशी तिथे सेल होता. हे मला माहीत असतं तर मी तिसऱ्या फेरीनंतर चौथीही घातली असती. सगळीकडे बायका, पुरुष, उघडे खोके, पातळ कागदाचे बोळे. राखाडी बिनबाह्यांचे स्वेटर घातलेली दुकानातली दोन माणसं घामाघूम होऊन धावत होती. मी एका कोपऱ्यात, कुणीतरी आपणहून 'काय हवं?' विचारील म्हणून उभा राहिलो. वाचनालयात आम्ही विचारायचो. दहा मिनिटं झाली, कुणी विचारलं नाही.

माझ्यासमोरच्या बाकावर आठ-दहा बूट विखुरलेले होते. एक काळा इथे, त्याचा जोडीदार तिथे पालथा. मला बघवत नव्हतं म्हणून मी एक जोड लावला. मग दुसरा. मग त्यांचे खोके शोधून, झाकणं लावून, नंबरांच्या क्रमाने रचून ठेवले. हात चालायला लागले तसं मला बरं वाटू लागलं.

"अहो, हा चारमध्ये आहे का?" मागून आवाज आला.

एक बाई तपकिरी बूट माझ्यापुढे धरून उभी होती. मी तिला सांगणार होतो की मी इथला नाही. पण एक तर माझ्या अंगावर राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर होता, बायकोने विणलेला, आणि कानावर पेन्सिल होती. दुसरं म्हणजे, 'हे आहे का?' असं कुणी विचारलं की माझे पाय आपोआप मागच्या खोलीकडे वळतात. छत्तीस वर्षांची सवय; निवृत्तीचा कागद पायांना कुणी दाखवला नव्हता.

"बघतो," मी म्हणालो.

मागची खोली म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत खोक्यांच्या रांगा. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी: आधी बनावटीचा आकडा, मग रंग, मग पायाचा नंबर. मी दारातच थबकलो. इतकी सुरेख मांडणी मी नोकरीत असताना फक्त मागितली होती. तपकिरी चार मला अर्ध्या मिनिटात सापडला.

"अगं बाई, इतक्या लवकर!" ती म्हणाली. "ते तरुण पोरगं मघाशी गेलंय ते अजून आलं नाही."

एवढी स्तुती मला पेन्शन सुरू झाल्यापासून कुणी केली नव्हती. मग एक गृहस्थ आले, त्यांना दहा नंबर हवा होता. मग दोन बहिणी, एकाच बुटासाठी भांडत. त्यांचा काळा जोड काढताना वरच्या फळीवर मला तो खोका दिसला. मरून. पट्टा. पाच. त्या बनावटीचा तेवढा एकच खोका उरला होता.

मी खिशातला खाकी कागद काढून जमिनीवर पसरला आणि डावा बूट त्यावर ठेवला. रेघेला रेघ लागली. थरथरलेल्या टाचेपाशीसुद्धा. पाच! माझी बायको पाच नंबर आहे! वीस वर्षं हरवलेलं पुस्तक कपाटामागे सापडावं तसं मला झालं. खोका मी खालच्या फळीवर मागे सरकवून ठेवला. आता बाहेर जाऊन पैसे भरायचे आणि निघायचं, एवढंच. त्या वेळी जेमतेम एक वाजला होता.

दारात कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक उंच बाई उभी होती. विभागाची मुख्य असावी; तिचा आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखा होता.

"सेलसाठी पाठवलेले बदली तुम्हीच ना? सकाळी नऊला यायचं होतं."

"मी..."

"कारणं नकोत. बॅज कुठाय?"

"नाहीये," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं.

"कमाल आहे वरच्या लोकांची. हे घ्या." तिने बूट चढवायची स्टीलची लांब पट्टी माझ्या हातात ठेवली. "तीन नंबरच्या खुर्चीवर गिऱ्हाईक थांबलंय. हात चालवा, आजोबा."

तुम्ही म्हणाल, माणसाने सांगून टाकावं. अहो, सांगता आलं असतं तर घरात ती कात्री असती का?

पुढचे पावणेतीन तास मी बूट विकले. हे मी अभिमानाने लिहितोय असं कुणाला वाटेल, आणि ते थोडं खरंही आहे. खुर्चीसमोर गुडघे टेकून बसलं की गिऱ्हाइकाकडे बघावं लागत नाही, फक्त त्याच्या पायाकडे बघायचं. मला माणसांशी बोलायचं म्हणजे नाकी नऊ येतात. पायांशी माझं छान जमलं. कुणाच्या करंगळीला घट्टा होता, कुणाच्या मोज्याला भोक. एक धिप्पाड गृहस्थ अंगठ्याच्या भोकाने इतके ओशाळले, की मी त्यांना माझाही मोजा दाखवला. दर गिऱ्हाइकागणिक मी मनाशी म्हणत होतो, हे शेवटचं.

पावणेचारला ती आली. माझ्याच वयाची, आखूड केसांची, लगबगीची बाई.

"काचेतले ते मरून पट्ट्याचे हवेत मला. पाच नंबर. आणि नाही म्हणू नका, किल्ल्यांवाल्या बाईंनी आत्ताच वहीत बघून सांगितलंय, एक जोड आहे."

"एक जोड आहे," मी म्हणालो.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला पटणार नाही. वाचनालयात माझ्या हाताखालचा एक मुलगा नवी आलेली पुस्तकं स्वतःसाठी काउंटरखाली दडवायचा. मी एरवी कुणाला बोलत नाही, पण त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं: "समोर उभा असलेला वाचक पहिला. आपण सगळ्यात शेवटी." आयुष्यात मी केलेलं हे एकमेव भाषण. तो मुलगा आता स्वतः निवृत्त झालाय आणि भेटला की अजून ते वाक्य म्हणून दाखवतो.

मी मागच्या खोलीत गेलो. खालच्या फळीवरचा खोका काढला. हा खोका माझ्या बायकोचा आहे, मी इथला नोकर नाही, आणि ही बाई माझी वाचक नाही, हे मला स्पष्ट कळत होतं. पायांना कळत नव्हतं.

पट्टीने मी तिला बूट चढवले. बक्कल लावलं. ती आरशापुढे चालून आली. फार छान दिसत होते, हेही मीच तिला सांगितलं. मग ती घुटमळली.

"घरी विचारून उद्या येऊ का?"

देवाने दुसरी संधी इतकी सरळ हातात ठेवलेली मी तरी पाहिली नाही. 'अवश्य या' एवढं म्हणायचं होतं. आणि मी, बेचाळीस वर्षं बायकोला पुढच्या वेळी म्हणणारा मी, त्या परक्या बाईला काय म्हणालो?

"शेवटचा जोड आहे. आवडलेत ना? मग पुढच्या वेळी मिळतीलच असं धरून चालू नका."

"खरंय तुमचं," ती म्हणाली आणि घेऊन गेली.

जिन्यावरून तिची पिशवी खाली खाली जाताना दिसत होती. ती दिसेनाशी झाल्यावर मला घड्याळ दिसलं. चार वाजून दहा मिनिटं.

"कुठे निघालात?" किल्ल्यांवाली बाई ओरडली. "सुट्टी आठला!"

"बायकोचं प्लास्टर..." मी धावतच म्हणालो.

"सगळ्यांच्याच बायकांचं आजच काहीतरी असतं!"

बसमध्ये बसल्यावर कळलं की बूट चढवायची पट्टी माझ्या हातातच राहिली आहे.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा प्लास्टर निघालेलं होतं. बायको उंच पलंगाच्या कडेला बसली होती. पाय पांढराफटक पडला होता, पोटरी बारीक झाली होती, आणि घोटा मात्र टम्म. समोर पांढऱ्या डगल्यातला एक तरुण उभा होता, तिला चालायला शिकवणारा.

"आले वाचनालयवाले," मेहुणी म्हणाली. "भावोजी, अत्तर? वाचनालयात अत्तर लावून बसतात हल्ली?" मग तिला पट्टी दिसली. "आणि हे काय? बूट आणायचे सोडून बूट घालायची पट्टी आणलीत?"

बायकोने माझे हात बघितले, मग पट्टी, मग माझा चेहरा. पायाखाली जमीन होती ती बऱ्यापैकी गार फरशीची होती आणि दुभंगण्यासारखी दिसत नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. पलंगवाल्यापासून 'पुढच्या वेळी'पर्यंत. मेहुणीने मधेच भिंतीचा आधार घेतला. ती हसत होती की रडत होती ते सांगता येत नव्हतं.

"स्वतःच्या हाताने विकलेत? ताईचे बूट? अहो भावोजी! ताई, घराला नीट कुलूप लावून ठेवत जा गं. उद्या कुणी गोड बोललं तर तुलाही देऊन टाकतील!"

"थांब गं जरा," बायको म्हणाली. ती माझ्याकडेच बघत होती. "नंबर कितीचा होता तो जोड?"

"पाच," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं तुम्हाला पाच?"

मी खाकी कागद काढून दिला. तिने तो मांडीवर पसरला. पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवत फिरवत ती टाचेशी आली आणि थांबली.

"म्हणजे पेन्सिल पडली नव्हती तर."

"नाही."

मेहुणीसुद्धा गप्प झाली. ही गोष्ट मी तिच्या खात्यावर आजही जमा धरतो.

"डावा आहे हा," बायको म्हणाली.

"उजव्यावर प्लास्टर होतं."

पांढऱ्या डगल्यातला तरुण वाकून कागद बघत होता. "काका, पण उजव्याला आता दोनेक महिने एक नंबर मोठाच लागेल. सूज आहे ना. पाचचा बूट चढलाच नसता."

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "आणले असतेत तरी फुकट होते." पण हे ती ज्या आवाजात म्हणाली त्या आवाजात ती मला सहसा चहा झाला म्हणून सांगते. मग तिने घड्याळाकडे बघितलं. "आठपर्यंत उघडं असतं ना ते दुकान?"

डावी चप्पल तिची तिला होती. उजव्या पायात माझा आठ नंबरचा बूट घालून, नाडी करकचून बांधून, मेहुणीच्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने पहिलं पाऊल टाकलं. मी उजव्या पायात हॉस्पिटलाची निळी कागदी पिशवी चढवली, आणि तसाच गाडीत बसलो.

रखवालदाराने आमच्या पायांकडे बघून दोन्ही दारं उघडली. या खेपेस आम्ही लिफ्टने गेलो. अशी सोय तिथे आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोने शिरल्या शिरल्या विचारून घेतलं.

"आलात?" किल्ल्यांवाली बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पट्टी घेऊन गेलात ती गेलात, बूट कुठे टाकलात तुमचा?"

"माझ्या पायात आहे," बायको म्हणाली. "आणि हे माझे आहेत."

"बूट?"

"नवरा."

किल्ल्यांवाल्या बाईने मला नखशिखांत बघितलं. "तरी मी म्हणतेय," ती म्हणाली, "बॅज कसा नाही. आणि खरा बदली माणूस दुपारी येऊन गेला हो! जास्तीचा म्हणून मी त्याला परत पाठवला." मग सवयीने तिने विचारलं, "बरं, नंबर?"

बायकोने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं.

"डावा पाच, उजवा सहा," मी म्हणालो.

बायकोने तोंड मिटलं आणि तीन नंबरच्या खुर्चीत बसली.

मरून संपलेच होते. काचेतला जोड सात नंबरचा निघाला, म्हणजे मेहुणीसमोर मी केलेला अंदाज कुणाला तरी लागू पडत होता. बायकोने काळे, मऊ, रुंद पट्ट्याचे पसंत केले. मी गुडघे टेकून, पट्टी लावून ते तिला चढवले, आधी डावा, मग हलक्या हाताने उजवा. इतक्या जवळून तिचे पाय मी ती झोपलेली असतानाच काय ते बघितले होते. चालून झाल्यावर ती कोपऱ्यातल्या काचेपाशी थांबली. या वेळी आम्ही आतल्या बाजूला होतो. तिला मरून बुटांच्या टाचा दिसत होत्या आणि मला फुटपाथ.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली.

दुकान अर्थातच एकेक बूट सुटा विकत नाही. एक जोड पाचचा घ्यावा लागला, एक सहाचा. सूज उतरल्यावर उजवा पाच कामी आला. हा हिशेब बायकोने दुकानातच केला होता, मला घरी येऊन कागदावर मांडावा लागला. उजवा सहा आता विश्रांती घेतो. राहता राहिला डावा सहा, जो कधीच कुणाच्या पायात गेला नाही आणि जाणार नाही. छत्र्या, काकडीचं यंत्र आणि कात्री यांच्या पंक्तीत तो बसला असता, पण त्याला मी काम लावलंय. झोपायच्या खोलीतल्या फळीवर शब्दकोशाचे तीन खंड उभे आहेत, आणि ते पडू नयेत म्हणून कडेला तो बूट टेकवला आहे. पट्टी मात्र त्या दिवशी पुन्हा माझ्याच हातात घरी आली, ती परत करायची राहिली आहे. मी दोनदा तिथवर जाऊन आलो. आत सेल चालू होता.